साठ फूट दुपार

नऊ इंचांत एक मात्रा मावते. हे कुणा गवयाला सांगितलं तर तो आपल्याला वेड्यात काढील, पण हेमांगी देवस्थळीच्या टेबलावर गेली तीस वर्षं हेच गणित चालत आलं होतं. पस्तीस मिलिमीटरची फिल्म, सेकंदाला चोवीस फ्रेम. अर्ध्या सेकंदाची मात्रा धरली तर बारा फ्रेम, म्हणजे बरोबर नऊ इंच. सोळा मात्रांचं तीनतालाचं आवर्तन बारा फूट लांब. टेबल मिरजेतल्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडून घेतलेलं आणि कडेला त्याचीच मोजपट्टी खिळ्यांनी ठोकलेली. त्यावर काळी फिल्म ताणायची आणि सुईनं तिचा काळा थर खरवडत जायचं. जिथं खरवडलं तिथून प्रोजेक्टरचा उजेड आरपार जातो आणि पडद्यावर रेघ नाचायला लागते. कॅमेरा नाही, नट नाहीत, गोष्ट नाही. नुसत्या रेघा, ठिपके, मधूनच लाल शाईचा ओघळ, आणि जोडीला तबला.

पूर्वी असा चार मिनिटांचा सिनेमा करायला तिला वर्ष-वर्ष लागायचं. बघणारे जगभरातले मिळून पाच-सातशे, आणि त्यांतला घरचा एकच, तोही सिनेमातला तबलजी. आता मात्र ती रोज पाच आवर्तनं खरवडत होती. साठ फूट, नऊशे साठ फ्रेम, चाळीस सेकंद. सकाळी सहाला बसायचं ते तीनला उठायचं. रविवार नाही, दिवाळी नाही, एका तापाचे दोन दिवस सोडले तर दुखणंखुपणं नाही. आज तीनशे नव्वदावा दिवस होता आणि उजव्या अंगठ्याचं मूळ सुईच्या प्रत्येक ओढीला ठणकत होतं.

"वैनी, तीन वाजून ग्येलं," दारातून तात्या म्हणाले. तात्या एके काळी जत्रेतल्या तंबूत सिनेमे दाखवायचे. पस्तीस मिलिमीटरचा प्रोजेक्टर चालवणारा माणूस आता जिल्ह्यात तेवढाच उरला होता. "द्या हिकडं. जोड मी मारतो."

"शेवटच्या दोन मात्रा राहिल्यात, तात्या."

"मग करा सावकाश. पर हात थरथरायलाय तुमचा."

"थरथरू दे. थरथरती रेघच चालते त्याला."

हे ती थट्टेनं म्हणाली, पण होतं ते शंभर टक्के खरं. विज्ञानानं तिच्या गळ्यात अडकवलेलं लोढणं नेमकं हेच होतं.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत, दुपारी एकच्या सुमाराला, तिचा नवरा शिरीष तबला सुरात लावता लावता हातोडीसकट आडवा झाला. मेंदूत रक्तस्राव. जीव वाचला, पण माणूस परत आला नाही. श्वास चालू, नाडी चालू, पापण्या मधूनच उघडायच्या, आणि आत कुणी नाही. दोन महिने असे गेल्यावर मिरजेतल्याच एका संशोधन रुग्णालयातल्या डॉक्टर फरीदा मुजावर तिला म्हणाल्या, "हेमांगीताई, आम्ही एक नवीन प्रयोग करतोय. वचन काही देत नाही. पण ऐकून घ्या."

डॉक्टरांचं म्हणणं असं होतं, की मेंदू हा कॅमेरा नव्हे, ज्योतिषी आहे. पुढच्या क्षणाला काय होणार याचा अंदाज तो आधीच बांधतो आणि डोळ्या-कानांना फक्त एवढंच विचारतो, की माझं चुकलं का? "अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटतं आणि पाय एकदम जमिनीवर आदळतो. तेव्हा अख्खं अंग कसं जागं होतं? ती अंदाजाची चूक. या बारीकसारीक चुकाच आपल्याला दिवसभर जागं ठेवतात. शिरीषरावांच्या मेंदूनं अंदाज बांधणंच सोडलंय. अंदाज नाही म्हणून चूक नाही, आणि चूक नाही म्हणून जाग नाही."

मेंदूच्या मधोमध थॅलॅमस नावाची एक देवडी असते. बाहेरचं सगळं तिथूनच आत जातं. त्या देवडीत डॉक्टरांनी तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र बसवलं. डोक्यावरची जाळीची टोपी मेंदूच्या लहरी वाचायची आणि जिथं अंदाजाची पुसटशी चूक दिसेल तिथं हे यंत्र हळूच एक विजेचा धक्का द्यायचं, म्हणजे चूक मोठी होऊन देवडीवरचा पहारेकरी उठेल. धक्का द्यायला यंत्र तयार होतं. अडचण होती ती पहिल्या चुकीची. संगणकानं रचलेली हजारो चलचित्रं दाखवली. मेंदूला त्यातलं सूत्र दोन-तीन सेकंदांत कळायचं आणि तो पुन्हा गप्प. नुसता गोंधळ दाखवला, तर गोंधळाचा अंदाज बांधायच्या भानगडीतच तो पडायचा नाही. हवं होतं ते ओळखीचं, पण न पाहिलेलं.

तेव्हा हेमांगीनं घरून एक अर्धवट पट्टी आणली. शिरीष पडला त्या सकाळी ती याच पट्टीवर काम करत होती, त्यामुळे त्यानं ती पाहिलेली नव्हती. संगीत त्याच्याच तबल्याचं, जुन्या ध्वनिमुद्रणातलं. तात्यांनी प्रोजेक्टर सुरू केला. चार सेकंदांनी शिरीषनं डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हेमा, पंखा लाव गं. किती उकडतंय."

अडतीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये डॉक्टर मुजावर रुग्णासमोर रडल्या त्या तेव्हाच म्हणे. पट्टी संपली, चार सेकंद गेले, आणि तो पुन्हा मिटला. तीच पट्टी परत लावली. काही नाही. दहा वेळा लावली. काही नाही. एकदा पाहिलेलं मेंदूला पाठ झालेलं असतं.

मग बाकीचं हळूहळू कळत गेलं आणि जाळं आवळत गेलं. हेमांगीच्या विद्यार्थिनींनी खरवडलेल्या पट्ट्या लावल्या, तर तीन सेकंद उघडझाप आणि बस्स. तिच्या हातांच्या हालचाली शिकून खरवडणारं यंत्र बनवलं, त्याचंही तेच. शिरीषच्या मेंदूनं तीस वर्षं याच बाईच्या रेघा पाहिल्या होत्या. हात तिचाच हवा आणि रेघ रोज नवी हवी. सप्टेंबरात तिला ताप आला आणि दोन दिवस खाडा पडला, तर तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे उघडायला चारऐवजी पंधरा सेकंद लागले. डॉक्टर म्हणाल्या, "अजून दोन-तीन दिवस गेले असते, तर देवडी बंद झाली असती. मग माझ्याही हातात काही नाही." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं हे प्रकरण होतं. त्यानंतर हेमांगीनं ताप आला तरी थर्मामीटर लावणं सोडून दिलं.

पण तिला खरं अडकवलं ते तिच्याच एका हुशारीनं.

लग्नाआधी ती मालिकांच्या सेटवर कंटिन्युइटी बघायची. म्हणजे कालच्या दृश्यात नायिकेच्या पदराला पिन होती का, पेल्यात सरबत किती उरलं होतं, घड्याळात किती वाजले होते, हे सगळं वहीत टिपायचं, म्हणजे आज शूट केलेला तुकडा कालच्या तुकड्याला बेमालूम जोडला जातो. शिरीष तिला अजून 'कंटिन्युइटीबाई' म्हणून चिडवायचा. तो पहिल्यांदा जागा झाला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, की त्याला एकदम धक्का देऊ नका. म्हणून ती म्हणाली, "काही नाही रे, मघाशी चक्कर आली तुला. पडून राहा. आपण जुने तुकडे बघू." दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जागा झाला आणि आदल्या दिवशीचंच वाक्य पुढं चालू केलं. चोवीस तास गेल्याचा त्याला पत्ताच नव्हता. त्याच्या दृष्टीनं एक तुकडा संपला आणि लगेच दुसरा लागला. तेव्हा तिच्या डोक्यात ते आलं. त्याला एकच दुपार देता येईल. सलग.

तिनं वही काढली. अंगावर तीच पोपटी साडी. एक विटेल म्हणून तशाच आणखी दोन आणून ठेवल्या. टिकली तीच, खुर्ची जमिनीवर चिकटपट्टीनं आखलेल्या खुणेवरच. केस दर आठवड्याला काळे. तात्या रोज त्याची दाढी करायचे. खोलीतल्या घड्याळातला सेल काढून टाकला होता आणि हेमांगी रोज काटा हातानं चाळीस सेकंद पुढं सरकवायची. मे महिन्यात ते एकवर होतं. चारचा चहा जानेवारीच्या अखेरीला झाला. आता पुन्हा मे उजाडला होता, घड्याळात पाच वीस झाले होते, आणि खिडकीपाशी उभ्या केलेल्या दिव्यावर तात्यांनी परवाच पिवळा कागद लावला होता, उन्हं उतरल्यासारखा उजेड पडावा म्हणून.

शिरीषची दुपार मजेत चालली होती. तो खात होता काय, नळीतून; पण वाद घालत होता पोटभर. वाद जुनाच. तीनतालात खाली येते, म्हणजे त्या चार मात्रा जिथं डग्गा गप्प बसतो, तिथं हेमांगी फिल्म कोरीच काळी ठेवायची. शिरीषला ते कधीच पटलं नव्हतं. आठ महिने या वादावर गेले, असं ती म्हणाली असती. दोन-अडीच तास गेले, असं तो म्हणाला असता.

त्या तीनशे नव्वदाव्या दिवशी तात्या पट्टी घेऊन पुढं रुग्णालयात गेले आणि तेवढ्यात फोन वाजला. नाशिकहून ऋजुता, त्यांची मुलगी. पडद्यावर आधी दिसली ती छोटी रेवा, सात महिन्यांची, फोन चाटायच्या बेतात.

"आई, पुढच्या रविवारी तिचं उष्टावण करतोय. तू येत नाहीस हे धरूनच चाललेय मी. फक्त कळवलं."

"ऋजू, तुला ठाऊक आहे ना गं—"

"सगळं ठाऊक आहे. मी सहाव्या महिन्यात मिरजेला आले होते, तेव्हा तू मला बाबांच्या खोलीत जाऊ दिलं नाहीस. माझं पोट दिसेल म्हणून. तुझी कंटिन्युइटी बिघडेल म्हणून." ऋजुताचा आवाज चढला आणि मग उतरला. "बाबांना एकदा तरी विचारलंस का, त्यांना काय हवंय?"

"चाळीस सेकंदांत काय विचारू?"

"हेच," ऋजुता म्हणाली. "एवढंच विचार."

फोन ठेवल्यावर हेमांगी जिन्यात दोन मिनिटं बसली. अंगठ्याचं दुखणं आता मनगटापर्यंत आलं होतं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात तसं, डॉक्टरांनी कालच अंगठ्याचा एक्स-रे दाखवला होता. सांधा झिजलाय, आणखी सहा महिने फार तर. मग काय, याचं उत्तर डॉक्टरांनी दिलं नव्हतं आणि तिनं मागितलं नव्हतं. तिला भीती वाटायची ती त्या उत्तराची नव्हे. कधीकधी सकाळी सहाला टेबलापुढं बसताना तिला वाटायचं, की हात आजच बंद पडला तर बरं. या विचाराची तिला भीती वाटायची. असं वाटलं की ती दहा फ्रेम जास्तच खरवडायची.

चार वाजता खोलीत अंधार केला. तात्यांनी फिल्म चढवली, नर्सनं टोपी नीट बसवली, हेमांगी पोपटी साडीत खुणेवरच्या खुर्चीत बसली आणि तिनं वहीवरून नजर फिरवली. साडी, टिकली, पेला, घड्याळ, दिवा. सगळं ठीक.

पडद्यावर रेघा नाचायला लागल्या. एक, दोन, तीन, चार. शिरीषनं डोळे उघडले.

"...आणि परत खालीत काळंच," तो म्हणाला. काल तुटलेल्या वाक्याचं ते उरलेलं टोक होतं.

"डग्गा नसतो तिथं, म्हणून रेघ नसते."

"अगं, डग्गा नसतो, तबला असतोच की! वाजतोय ना? ऐक. हात दे इकडं, दाखवतो."

चादरीखालून त्याचा हात निघाला. एवढं बळ त्याच्यात कधी दिसलं नव्हतं. आणि वादाच्या भरात हेमांगीनं आपला उजवा हात पुढं केला. वर्षभर तो तिनं पदराखाली ठेवला होता, अंगठा दुखतो म्हणून. वहीत तिनं पेल्यातलं सरबतसुद्धा लिहिलं होतं, स्वतःचा हात लिहायचा राहिला होता.

शिरीष तिच्या तळव्यावर बोटानं ठेका धरायला लागला. धा धिं धिं धा. बोट अंगठ्याकडे सरकलं आणि थांबलं.

"हे काय?"

"काय कुठं?"

"हा घट्टा. सकाळी हरभऱ्याएवढा होता. तबला लावायच्या आधी तूच दाखवलास." तो चाचपत राहिला. बोटांच्या टोकांनी ऐकणारा माणूस तो. हातच्या काकणाला आरसा कशाला? "अंगठा सुजलाय. वाकडा झालाय. हेमा, एका दुपारीत घट्टा एवढा वाढत नाही."

तिनं हात मागं ओढून पाहिला. त्यानं तो सोडला नाही.

"किती दिवस झाले?"

पट्टी संपली. फिल्मचं शेपूट रिळावर फटफटत राहिलं आणि पडदा पांढरा झाला. चार सेकंद तो तिच्याकडे बघत होता, मग मिटला. त्याचा हात मात्र तिच्या हातात तसाच राहिला आणि नर्सनं तो सोडवून चादरीखाली ठेवला.

त्याला उत्तर पुढच्याच क्षणी मिळणार होतं. तिला मात्र चोवीस तास मिळाले, नको असताना. त्या चोवीस तासांत नऊशे साठ फ्रेम खरवडायच्या होत्याच. पट्टी नसती केली, तर प्रश्नही टळला असता, हे तिच्या ध्यानात आलं. खोटं काय सांगायचं, तेही तिनं ठरवून पाहिलं. अंगठ्याला ॲलर्जी. औषधाची सूज. सकाळी सात ते नऊ ती हीच खोटी कारणं घोकत होती, आणि रेघा इतक्या खोट्या यायला लागल्या की तिनं तीन फूट फिल्म कापून टाकली.

"तात्या, काय सांगू त्याला?" तीन वाजता तिनं विचारलं.

तात्यांनी फिल्म उजेडात धरली. "वैनी, तंबूत रीळ तुटलं की पब्लिक वरडायचं. मग मी दिवं लावायचो आन् सांगायचो, रीळ तुटलंय, थांबा. पब्लिक थांबायचं. अंधारात बसवून ठेवलं तरच खुर्च्या मोडायचं."

चार वाजता शिरीषनं डोळे उघडले. नजर कालच्याच जागी होती, तिच्या तोंडावर.

"तीनशे एक्क्याण्णव. त्याआधीचे दोन महिने वेगळे," ती म्हणाली.

तो मान किंचित वळवून पडद्याकडे बघत राहिला. एक आवर्तन गेलं. दुसरं गेलं. तिच्या जवळजवळ चार तासांचं काम असंच निःशब्द निघून गेलं आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

"रोज एवढंच?"

"एवढंच. साठ फूट."

"दिवसभर बसून?"

"नऊ तास."

"आणि ऋजू?"

"मुलगी झाली तिला. रेवा. सात महिन्यांची आहे. रविवारी उष्टावण आहे."

त्याचा चेहरा उजळला. "तू घेतलीस तिला?"

"फोनवर पाहिली."

तो उजळलेला चेहरा बघता बघता बदलला. इतकं वाईट वाटलेला शिरीष तिनं कधी पाहिला नव्हता, वडील गेले तेव्हासुद्धा नाही. त्याला पुढं काहीतरी बोलायचं होतं. ओठ हलले आणि पट्टी संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमांगी टेबलाशी बसली तेव्हा तिला पहिल्यांदाच घाई नव्हती. खोटं संपलं होतं, पण सुटका कुठं झाली होती? आता तो जागा असताना त्यालाही ठाऊक असणार होतं, की आपल्या एका वाक्यासाठी बायकोचा अर्धा दिवस जातोय. एकाच्या जागी दोघं अडकली, एवढाच काय तो फरक.

पहिल्या आवर्तनाच्या खालीपाशी ती आली. मोजपट्टीवर सहा फूट ते नऊ फूट, अठ्ठेचाळीस फ्रेम. तीस वर्षं ही जागा तिनं काळी सोडली होती. तिनं सुई टेकवली आणि एक बारीक रेघ ओढायला सुरुवात केली. ठिपके नाहीत, वळणं नाहीत. एकच केसाएवढी रेघ, हात थरथरेल तशी थरथरणारी, खाली सुरू होते तिथपासून ती संपते तिथपर्यंत. पाचही आवर्तनांत तिनं तशीच रेघ ओढली. वाद जिंकलास बाबा, असं त्याला सांगायचं होतं. त्यानं खूश व्हावं, हसावं, आणि दुसरं काही बोलू नये, असंही तिला वाटत होतं.

चार वाजता तात्यांनी दिवा मालवला. शिरीषनं डोळे उघडले तेव्हा पडद्यावर नेमकी पहिली खाली चालू होती आणि काळोखातून ती एकटी रेघ चालली होती.

"ठेवलीस शेवटी," तो हसला.

"ठेवली."

"छान दिसते." त्याचं बोट चादरीवर मात्रा मोजत होतं. "हेमा, एवढ्या सगळ्या केल्यास. त्यातली एक तरी पाहिलीस?"

"मी तुझ्याकडे बघत होते."

"म्हणजे कुणीच नाही पाहिल्या. मी भांडत बसलो, तू मला बघत बसलीस." तो थांबला. "उद्या नाशिकला जा."

"शिरीष, चार-पाच दिवस गेले, तर ते दार परत उघडत नाही. कायमचं—"

"कळलं मला. पण मला कुठं वाट बघावी लागते? माझी एक दुपार झाली. बायकोशी भांडण्यात गेली, झकास गेली. वर्ष तुझं गेलं."

"नको ना असं बोलू."

"मान वळव. पडद्याकडे. मी डोळे मिटतो, म्हणजे तुला इकडं बघण्यासारखं काही उरणार नाही."

आणि त्यानं डोळे मिटले.

हेमांगी खुर्चीतून अर्धी उठली. डोळे मिटले की चार सेकंद, हे तिला ठाऊक होतं. पापण्या बोटांनी उचलून धरल्या तर उजेड आत जातो, हेही ठाऊक होतं. सुरुवातीला डॉक्टरांनी तसं करून पाहिलं होतं. तिचा हात त्याच्या कपाळापर्यंत गेलासुद्धा. तो वाकडा, सुजलेला अंगठा त्याच्या पापणीपासून दोन बोटांवर होता. शिरीषचं बोट चादरीवर अजून वाजत होतं. तो आत होता. ऐकत होता. तिला ठरवायला तेवढाच वेळ होता.

तिनं हात मागं घेतला, खुर्ची खुणेवरून हलवली आणि पडद्याकडे तोंड करून बसली.

शेवटचं आवर्तन लागलं होतं. पांढऱ्या रेघा एकमेकींत शिरत होत्या, सुटत होत्या, धा आला की उसळत होत्या, आणि मधूनच लाल ओघळ सबंध पडदाभर पसरत होता. हे आपण केलं, हे तिला पटेना. इतकं चांगलं झालं असेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ती थांबली नाही, कारण तेवढ्यात बारा फ्रेम निसटल्या असत्या.

खाली आली. पडदा काळा झाला आणि ती बारीक रेघ एकटीच पुढं निघाली. जुन्या ध्वनिमुद्रणात डग्गा गप्प झाला, तबला वाजत राहिला. पाठीमागं चादरीवरचं बोट एकदा वाजलं. मग वाजलं नाही.

तिनं वळून पाहिलं नाही. अजून चार मात्रा, तीन फूट बाकी होते. ती बघत राहिली.